पुढच्या सहलीची मैदाने कोणी निवडावीत याविषयी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, भूमापनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझी प्रकृती ठीक आहे आणि स्मरणशक्ती माझ्या वयाच्या इतरांपेक्षा बरी आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र वकिलांनी तयार केले होते. त्यात शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या. ते मी रद्द करतो.

१. राहते घर आणि सर्व ठेवी माझ्या पत्नीला मिळाव्यात व तिच्या पश्चात आमच्या मुलीला. यावरून वाद होणार नाही. मुलगी समंजस आहे. हा गुण तिने आईकडून घेतला आहे.

२. कोन मोजण्याचा माझा जुना थिओडोलाइट महाविद्यालयाच्या भूमापन विभागास द्यावा. सध्याच्या विभागप्रमुखांनी त्याला हात लावू नये. ते माझे विद्यार्थी होते, म्हणून सांगतो.

३. माझे गोल्फचे क्लब आमच्या मित्राला, मुद्रकाला द्यावेत. चेंडू मारताना तो डोके वर करतो आणि दोष क्लबला देतो. यापुढे ती सबब उरणार नाही. चेंडू अलगद भोकात ढकलण्याचा क्लब, म्हणजे पटर, मात्र आमच्या दुसऱ्या मित्राला, भूलतज्ज्ञाला द्यावा. दुसरा खेळत असताना तोंड मिटून उभे राहणे आमच्यात फक्त त्यालाच जमते.

४. हे दोघे, मी आणि माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, व्यवसायाने दंतवैद्य, असे चौघे आम्ही दरवर्षी चार दिवस गोल्फच्या सहलीला जात असू. सोळा वर्षे चौघे गेलो, नंतरची सहा वर्षे तिघेच. ठिकाण आणि तीन मैदाने ठरवण्याचे काम माझ्याकडे होते, कारण दुसऱ्या कोणी ते धड केले नसते. महिनाभर आधी मी एकटा जाऊन प्रत्येक मैदानाचे अठराही होल रिकाम्या हातांनी चालत असे. उतार, वारा, सावली, मुक्कामापासूनचे अंतर, न्याहारी मिळण्याची वेळ, अशा बारा बाबींना गुण देत असे. पहिल्या दिवशी सोपे मैदान, दुसऱ्या दिवशी अवघड, तिसऱ्या दिवशी मोकळ्या वाऱ्याचे. पायाखालून न गेलेले मैदान यादीत नाही, हा नियम. हे सारे निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत आहे.

५. हा नियम मी एकदा मोडला. सोळाव्या सहलीच्या आठ दिवस आधी दुसऱ्या दिवसाचे मैदान नव्या गवतासाठी बंद झाल्याचे कळले. प्रत्यक्ष जाण्यास वेळ नव्हता. मी अभ्यासिकेत बसून नकाशावरून त्याऐवजी वेगळे मैदान निवडले आणि ते चालून आलो नसल्याचे कोणाला सांगितले नाही. मेहुण्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. त्याने फोनवर विचारले, "दाजी, चढ फार नाही ना? गुडघा अजून नवा आहे." मी म्हणालो, "मी निवडलंय ना? मग झालं तर."

सातव्या होलपर्यंत त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तरी थट्टेनेच म्हणाला, "दाजी, हे मैदान आहे की जिना?" मुद्रक हसला. मला ते हसणे लागले आणि मी बोलून गेलो, "चालायचं नसेल, तर घरी पत्ते कुटत बसावं माणसानं." त्याने हातमोजा काढला, नीट घडी करून खिशात ठेवला. "बरं. पुढच्या वर्षी तिघांचंच बघा," एवढेच म्हणून तो एकटा खाली उतरून गेला.

घरी परतल्यावर त्याच दिवशी मी नकाशा पुन्हा उघडला. उंचीच्या दोन रेषांमधील फरक मी सवयीने पाच मीटर धरला होता. त्या नकाशावर तो वीस मीटर होता. कोपऱ्यात स्पष्ट छापलेले होते. म्हणजे चढ माझ्या हिशेबाच्या चौपट होता. याच चुकीसाठी मी एकतीस वर्षे विद्यार्थ्यांना नापास करत आलो. नकाशा मी घडी करून कपाटात ठेवला आणि घरात सांगितले की मेहुण्याला अवघड खेळ झेपत नाही. तेव्हापासून तो आमच्या घरी आलेला नाही. पत्नी त्याच्याकडे एकटी जाते आणि परत आल्यावर तिकडचे काही सांगत नाही.

६. सबब, यापुढील सहलीचे ठिकाण आणि मैदाने निवडण्याचा अधिकार मेहुण्याचा राहील. निळी वही त्याला द्यावी. तिच्यातील गुण पाळण्याचे बंधन त्याच्यावर नाही. त्याला सपाट, ठिकठिकाणी बाके असलेली, मध्येच बदकांचे तळे असलेली मैदाने आवडतात. माझ्या मते ती मैदाने नव्हेत, बागा आहेत. त्याने तीच निवडावीत आणि इतर दोघांनी निमूटपणे जावे.

७. येथवर लिहून मी मुलीला वाचून दाखवले. तिने दोन स्वल्पविराम सुचवले; एक योग्य होता. मग म्हणाली, "बाबा, मामाला हे कळेल तेव्हा तुम्ही नसाल. त्याला काही बोलायचं असेल, तर तो कोणाशी बोलणार?" मी म्हणालो, मृत्युपत्राची रीतच तशी असते. ती म्हणाली, "रीत बरोबर आहे. पण सोयीची तुम्हालाच आहे." तिचे म्हणणे मला मान्य करावे लागले. असे क्वचित घडते.

म्हणून आणखी लिहितो. उद्या सकाळी मी मेहुण्याच्या दवाखान्यात जाणार आहे. वेळ मागितलेली नाही. इतर रुग्णांसारखा बाहेर बसेन. कलम पाच त्याला तोंडी सांगेन, नकाशा समोर ठेवून. त्याने ऐकून घेतले नाही, तर ही कलमे कायम राहावीत आणि माझ्यामागे पत्नीने ती त्याला वाचून दाखवावीत. तिचे तो ऐकतो. त्याने ऐकून घेतले, तर निळी वही मी तेथेच त्याच्या हाती देईन आणि मग कलम पाच व सहा रद्द समजावीत. लिहिलेल्या कागदावर खाडाखोड मी आयुष्यात कधी खपवून घेतली नाही. या दोन कलमांवर मात्र मला स्वतःच्या हाताने रेघ मारायला मिळावी, अशी माझी इच्छा आहे.

वरील मजकूर मी साक्षीदारांच्या समक्ष वाचला आणि त्यांच्या समक्ष त्याखाली सही केली.

स्थळ: राहत्या घराची अभ्यासिका
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार, सकाळी साडेदहा

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. सही: आमचे डॉक्टर. लिहिणारा शुद्धीत असल्याची मी खात्री केली आहे.
२. सही: शेजारच्या निवृत्त ग्रंथपाल बाई. मजकूर वाचला. चूक आढळली नाही.