डॉक्टरांनी खोडलेला शब्द

मंदाअक्कास, पांडेसऱ्याहून गोरखचा नमस्कार.

गुजरातेत दारूबंदी आहे, तिकडं सुटेल, म्हणून तू अण्णांना माझ्याकडं धाडलंस. परवा त्यांनी मला, पोटच्या पोरालाच विचारलं, "पाव्हणं, आमचा गोरख कुठं गेला?" मग दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'दारूमुळे आलेला स्मृतिभ्रंश'. म्हणाले, "हे वेड नाही. दारू सोडून इंजेक्शनं घेतली तर थोडं सुधारतं. शेवटची कधी घेतली?"

मी म्हणालो, "इथं आल्यापासून थेंब नाही. आठ महिने झाले."

"मग दारूचं नसेल," म्हणत त्यांनी 'दारूमुळे' खोडलं, 'वयामुळे' लिहिलं. त्याला तसा इलाज नाही म्हणाले. तुला फोनवर मी तेच सांगितलं. तू रडलीस.

अक्का, इथं चोरून विकतात ती दारूची पिशवी, पोटली, मीच आणून देत होतो. मी बारा तास मिलमध्ये, ते खोलीत ओरडायचे. घरमालक म्हणायचा, खोली खाली कर. पोटली दिली की गप पडायचे.

उद्या खाडा करून जातो, डॉक्टरांना खरं सांगतो, तो शब्द परत लिहून घेतो. तोवर हे पत्र माझ्या उशाखालीच ठेवतो.

आत्ता अण्णांनी माझ्यापुढं हात पसरलाय. माझं नाव विसरले, पण पोटली कोण देतो ते विसरले नाहीत.

तुझ्याशी खोटं बोललेला,
गोरख