शकूनं काढलेलं यांचं चित्र

२० जानेवारी १९७३
त्या दिवशीची सकाळही आजच्यासारखीच होती. हंडा आणला, चूल पेटवली, पीठ चाळत बसले. हे दारात दाढी करत होते, आरसा खिळ्याला. शकू बघत उभी राहिली तर तिच्या नाकाला फेस लावला. मग विहिरीच्या कामावर गेले. दरड कोसळली. दोन वर्षं होत आली, ती सकाळ काही मागं पडत नाही.
यांचा एकही फोटो नाही. शकूनं शाळेतून जिल्ह्याच्या चित्रकला स्पर्धेला नेमकी तीच सकाळ काढली. गालाला फेस, डोळे अर्धे मिटलेले. वाटलं, आता टॉवेल मागतील.
आज निकाल. जिल्ह्यात पहिला नंबर.

२२ जानेवारी
शाळेत गेले. हेडमास्तर खुशीत. यंदा लेझीमची ढाल आली, दोन मुलं स्कॉलरशिपला लागली, त्यात हे. ‘‘बाई, गावाबाहेरची शाळा म्हणून कुणी विचारत नव्हतं. आता नगरवाले बघत बसले!’’
म्हटलं, चित्र परत कधी?
‘‘सव्वीसला पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस. मग न्या की.’’
चित्रकलेचे भिंगारदिवे गुरुजी म्हणाले, काच बसवू. हेडमास्तर म्हणाले, कार्यक्रम होऊ द्या आधी.

२६ जानेवारी
झेंडावंदन, मग बक्षीस समारंभ. चित्र टेबलावर उभं केलेलं. कुणीतरी पाहुण्यांच्या कानात सांगितलं, मुलीचे वडील वारले. भला माणूस. उठले, सरस्वतीपूजनाच्या ताटातलं ओलं गंध घेऊन यांच्या कपाळाला लावलं. पाणी मारलेला झेंडूचा हार घातला. सगळी सभा उठून उभी.
मीही हात जोडले. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
लेझीम संपेपर्यंत रंग ओघळला. पाण्याचे रंग, वर काच नाही. कपाळ डोळ्यांत उतरलं, डोळे गालात.
शेजारची गंगूबाई म्हणाली, ‘‘तुझ्या मालकाला लई मान मिळाला गं.’’
शकू रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘आई, फेस कुठला नि गंध कुठलं, कळंना.’’

२७ जानेवारी
शकू नवा कागद घेऊन बसली. ‘‘आबांचं नाक कसं हुतं गं?’’
‘‘सरळ.’’
‘‘सरळ म्हंजी कसं?’’
डोळे मिटले की ओघळलेलंच दिसतं. तिलाही तसंच होतंय म्हणे.
संध्याकाळी गुरुजी आले. ‘‘काच मीच बसवायला हवी होती.’’ चहा तसाच ठेवला. निघताना म्हणाले, ‘‘त्यांच्या तोंडवळ्याचं कुणी आहे का घरात?’’
आहे. सोनईला सासूबाई. तेच नाक, तीच हनुवटी. बाराव्याला म्हणाल्या होत्या, ‘‘तुझ्या पायगुणानं माझा ल्योक गेला. पुन्हा उंबरा चढू नगंस.’’ नाही चढले. शकूलाही नेलं नाही.
शकूला सांगितलं. तिनं विचारलं, ‘‘आजी बसंल का समोर?’’
‘‘काय माहीत.’’
‘‘नि हाकललं तर?’’
‘‘हाकलीपर्यंत तू बघून घे.’’

२८ जानेवारी
भाकरी बांधली. शकूनं कागद नि पेन्सिल घेतली. सोनईच्या एस.टी.त बसलो.