निळं पाणी आणि माझा अंगठा

अंबड कोर्टासमोरचे नामांकित अर्जनवीस, माझे धाकटे बंधू रखमाजी यांना धावड्याहून दुर्गाआक्काचा आशीर्वाद. तू लहान असून एवढ्या मानानं लिहून राह्यले, यावरूनच ओळख की काम निघालंय. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतोस का नुसतं लावलं म्हणून सांगतोस? माझी तब्येत बराबर आहे. खाल्लेलं पचतं, ऐकलेलं तेवढं पचत न्हाई. फोन का केला न्हाई म्हणशील, तर फोन भागवतचा आहे आणि सांगायचंही भागवतबद्दलच आहे. पत्र त्याची लेक राजनंदिनी लिहून राह्यली, सुट्टीला आलीय. बापाला सांगणार न्हाई अशी तिनं शपथ घेतलीय (ती माझं बोलणं सुधारून लिहिते, म्हणून प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेते. ही पण).

तर झालं असं. माझ्या लेकाचं जालन्यात बियाण्याचं दुकान बरं चाललंय, आणि बरं चाललं की माणसाला डोंगर आठवतो. नाशिकच्याही पलीकडं, घाटाच्या पोटात एक गाव आहे. नाव मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा वेगळं वाटलं. तिथं त्याला घर घ्यायचंय, आणि त्यासाठी इथला विहिरीचा मळा विकायचाय. मळा त्याच्या बापामागं माझ्या नावावर, म्हणून बारा तारखेला भोकरदनच्या कचेरीत मशीनवर माझा अंगठा पाहिजे. इतकी वर्षं या अंगठ्याला कुणी विचारलं न्हाई. रेशनचं मशीनसुद्धा, भांडी घासून गेले की मला ओळखत न्हाई, हात वाळवून या म्हणतं. आता सून रोज सकाळी त्याच अंगठ्याला खोबरेल लावून राह्यली.

घराचा फोटो दाखवला. समोर निळंशार पाणी. मी म्हणलं, शेततळं चांगलं आहे, शेत कुठंय? तर म्हणे हे पोहायचं तळं. आता भागवतला पोहता येत न्हाई. सुनेला, प्रियदर्शनीला, घोट्याच्या वर पाणी आलं की चक्कर येते. मंग पोहणार कोण? पाहुणे, म्हणे. म्हणजे पाहुण्यांना पोहायला मी मळा विकायचा. हे बराबर असंल, मला फक्त समजलं न्हाई.

तरी पाहायला गेल्ते. जागा घ्यायची तर पाणी पाहून घ्यावी म्हणून मी आपल्या कचरूला गाडीत बसवलं. तोच पाणाड्या, ज्यानं मळ्यातल्या विहिरीची जागा दाखवली. भागवत म्हणला, आई, तिथं पाणी वरच दिसतंय. मी म्हणलं, वरचं मलाही दिसतं, कचरू खालचं पाहतो. सहा तास दोघं एकमेकांशी बोलले न्हाईत (कचरूला घाटात गाडी लागली, ते लिहू नको. लिहिलंस? राहू दे).

तिथं मयंक नावाचा दलाल होता. गोरा, गोड, दर वाक्याला आजी म्हणणारा. कचरूनं तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि चालू लागला. तळ्याभोवती तीन फेऱ्या झाल्या, नारळ झोपलेलाच. अंगणात झोपलेला, फाटकापाशी झोपलेला. मंग स्वयंपाकघरात गेला आणि ओट्यापाशी नारळ ताडकन उभा. कचरूला घाम फुटला. म्हणला, आक्का, या फरशीखाली नदी आहे. भागवत खूश, मयंक तर इतका खूश की त्यानं नारळाचा फोटो काढला. मीच गोंधळले. एवढं पाणी स्वयंपाकघराखाली आणि तळ्याखाली थेंब न्हाई?

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. रखमाजी, तो हॉर्न मी झोपेतही ओळखते. चैत्र-वैशाखात आपल्याकडं वाजतो तोच. मला काही सुचलं न्हाई. ओट्यावरची दोन पातेली आणि एक कुकर उचलला आणि धावत जाऊन टँकरपुढं पहिला नंबर लावला. मागं वळून पाह्यलं, कुणीच न्हाई. कुणाशी भांडावं तेही कळेना. टँकरवाल्यानं माझ्यावरून नळी नेली आणि सगळं पाणी तळ्यात सोडलं. राखणदार भारत, मोठा भला माणूस, त्यानं माझ्या हातातून कुकर घेतला आणि हळूच सांगितलं की दर चार दिवसांनी टँकर येतो. तळं फुटलंय, पाणी स्वयंपाकघराखाली मुरतं. म्हणजे कचरू खोटा न्हाई, नदी आहे, फक्त टँकरची.

मला वाटलं, आता घर बारगळलं. भागवत म्हणला, गळती काय, दुरुस्त होते. मयंक म्हणला, आजी, डोंगरात सगळ्यांचंच असं असतं. टँकर चुकवायला लोक घाटावर जातात का टँकर पाहायला, मला काही कळत न्हाई. भागवत माझं ऐकत न्हाई आणि रागवताही येत न्हाई, कारण तो मनापासून सांगतो की आई, तुला थंड हवा मिळावी म्हणून घेतोय. तू कागदातला माणूस. अंगठा देऊ का नको, ते कळव.

तुझी,
दुर्गाआक्का

ता. क. एक सांगायचं राह्यलं. सगळे जेवून लवंडल्यावर मी त्या तळ्यात उतरले. लुगड्यासकट. माहेरच्या विहिरीत तुझ्या पाठीला वाळला भोपळा बांधून मीच तुला ढकललं होतं, आठवतं ना? तू अजून ओरडतोस तसाच ओरडला होतास. लग्नानंतर मळ्यातल्या विहिरीच्या काठावर पन्नास वर्षं काढली, पण सुनेनं विहिरीत उडी कशी मारायची म्हणून कधी उतरले न्हाई. परवा हातपाय आपोआप चालले. त्या घराबद्दल मी वर जे बोलले ते खरंच आहे, पण पाणी फार चांगलं होतं.

ता. क. दुसरा. म्हणून खरं काम हे. तुझ्या शेजाऱ्याची गाळ काढायची क्रेन घेऊन दहा तारखेच्या आत ये. मळ्यातल्या विहिरीत आज छातीइतकं पाणी आहे, गाळ निघाला की डोक्यावर जाईल. वाळला भोपळा आण. मला न्हाई, तुला लागंल.

ता. क. तिसरा. अंगठ्याचं कळवायची आता गरज न्हाई. बारा तारखेला मी पहाटेपासून विहिरीत असणार. भागवतला म्हणावं, खुशाल भोकरदनला ने. भिजून सुरकुतलेला अंगठा मशीन घेतच न्हाई, त्याला मी तरी काय करू?