पिंप डोहात धुणाऱ्यास एकर मिळणार नाही

काल पुन्हा माझ्या नातवाने, आप्पासाहेबाने, उसाच्या बेण्याचे पिंप डोहात खंगाळले. मी काठावर उभी, आणि तो मलाच म्हणतो, "आजी, तुला काय कळतंय?" काय कळतं ते आता कागदावर घ्या.

मी राहीबाई, कै. पुंजाराम गाढे यांची विधवा, वय एकाहत्तर, राहणार बेलापूर. शाळा दुसरीपर्यंत, डोकं शाबूत. हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने नव्हे, रागाने लिहिते. राग शुद्धीवरचा आहे.

एक. राहते घर आप्पासाहेबाला. त्याला मीच वाढवला, तेव्हा दोष थोडा माझाही.

दोन. पाटा-वरवंटा जाऊ साळूबाईस. तीस वर्षांपूर्वी तासाभरासाठी मागून नेला होता, तो तिच्याकडेच आहे. आता तिचा समजावा.

तीन. डोहाकाठचा एकर. उसाच्या कांड्या लावण्याआधी ज्या औषधात बुडवतात त्यात पारा असतो. दत्तोपंत मास्तरांनी डब्यावर वाचून दाखवले. उरलेले पाणी डोहात, डोहातून बारक्या चिंगळ्यांत, चिंगळ्या मरळ खाते आणि मरळ आम्ही. जपानात कारखान्याचा पारा असाच माशांतून बायांच्या पोटात गेला, पोरं अधू जन्मली, असे मास्तरांच्या पेपरात होते. आप्पासाहेब माळकरी. म्हणतो, "मी मासा खात न्हाई, मला पाप न्हाई." स्वतः खात नाही, पण माशाला औषध पाजतो!

मग ऐक बाबा. तुझी बायको चांगुणा तीन वर्षं माझ्या चुलीवरची मरळ खाते. वाढते मीच. आता तिला चौथा महिना आहे, म्हणून परवापासून बंद केलं. पोरगी रुसली आहे. सबब तो एकर चांगुणाला. उरलेल्या औषधाचं काय करायचं ते शेतकी खात्याला विचारावं. पिंप पुन्हा डोहात धुतलं तर आप्पासाहेबाने त्या बांधावर पाऊल ठेवू नये.

चार. माझाही गुन्हा लिहिते. चाळीस वर्षं कणगीतल्या दाण्याला राखेत पारा मळून चोळला, कीड मेली म्हणून गावभर फुशारकी मारली, आणि सुपं त्याच डोहात धुतली. उरलेली पाऱ्याची डबी मास्तरांनी शाळेच्या प्रयोगशाळेत द्यावी.

साक्षीदार:
१. दत्तोपंत जोशी, निवृत्त शिक्षक (सही)
२. रंगुबाई भोई, डोहात जाळं टाकणारी (अंगठा). "राहीबाई, माझं गिऱ्हाईक तोडलंस" म्हणाली, पण अंगठा दिला.

राहीबाई पुंजाराम गाढे, सही स्वतःची.
बेलापूर, जिल्हा अहमदनगर, ९ फेब्रुवारी १९७१.

ता. क. पोर मोठं होऊन विचारील, डोहात एवढे मासे, मग आपण का खात नाही? उत्तर आप्पासाहेबाने द्यावं. चांगुणाने मधे बोलू नये.