सोमवारचं पाणी

४ जानेवारी

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ. वि. वि.

राज्याच्या पर्यावरण मंडळाचा अध्यक्ष झालास, हे वर्तमानपत्रातून कळलं. बहिणीला कळवायला कागद नसेल. मंडळ कागद वाचवतं म्हणे. फोटोत तू रोपाला पाणी घालतोयस आणि तुझ्यावर छत्री धरायला दोन माणसं उभी आहेत. प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यापासून इथवर आलास, याचा अभिमान आहे. आता कामाचं.

गावाच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आहे. त्याच्या परवान्याचं नूतनीकरण जूनमध्ये तुझ्या सहीला येईल. आमची नदी कधी जांभळी असते, कधी हिरवी. समोरच्या धुणंवालीच्या हातांची कोपरापर्यंत सालं निघताहेत. पाण्यात हात घालू नकोस, असं डॉक्टर तिला सांगतात. तिचं घर त्या हातांवर चालतं. सही करण्याआधी एकदा येऊन बघ.

खुर्ची मऊ असली तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं खोचक पत्र पोचलं. रोप जगलं आहे, हे आधी नमूद करतो.

कारखान्याची फाईल मागवली. गेल्या तीन वर्षांतले छत्तीसही नमुने निर्मळ आहेत. तारखांची यादी सोबत जोडली आहे. तेव्हा धुणंवालीच्या हातांचं कारण साबण असावं, असं आमच्या तज्ज्ञांचं मत पडलं. यायला हवं, पण बैठकांतून मान वर काढता येत नाही. शिवाय माझी नेमणूक सहाच महिन्यांची आहे. तीस जूनला मुदत संपते आणि मुदतवाढीची फाईल मंत्र्यांकडे आहे. कारखान्याचे मालक मंत्र्यांचे साडू लागतात. हे केवळ तुझ्या माहितीसाठी.

रागावलीस तरी आशीर्वाद चालू ठेव.
तुझा धाकटा

८ फेब्रुवारी

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ. वि. वि.

यादीतल्या तारखा कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. छत्तीसच्या छत्तीस सोमवार. सोमवारी कारखाना बंद असतो, हे इथे कुणालाही विचार. तुझ्या निरीक्षकाला गाठलं. बिचारा म्हणाला, कार्यालयाची जीप सोमवारीच मोकळी असते, एरवी ती साहेबांच्या दौऱ्यावर असते. म्हणजे नदी कधी तपासायची, हे तुमचा ड्रायव्हर ठरवतो.

तीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं, तुलाही. म्हणून गेल्या गुरुवारी मीच सांडपाण्याच्या नळाखाली बाटली धरली, तीनदा विसळून, आणि रीतसर तुझ्याच प्रयोगशाळेत दिली. अहवाल सोबत आहे. शिसं मर्यादेच्या नऊपट. खाली तुझी छापील सही आहे. अक्षर सुधारलंय.

सत्य बोलते म्हणून परकी समजू नकोस.
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अहवाल पाहून हादरलो. लगेच कारवाई केली. यापुढे नमुना सोमवारी न घेता गुरुवारी घेतला जाईल. तसं परिपत्रक काढून सर्व कारखान्यांना आगाऊ कळवलं आहे, म्हणजे पारदर्शकता राहील. या सुधारणेबद्दल मंत्र्यांनी भर बैठकीत माझी पाठ थोपटली आणि मुदतवाढीचं मनावर घेतो म्हणाले. आता तरी खूश हो.

तुझ्या कौतुकाची वाट पाहणारा,
धाकटा

५ एप्रिल

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ. वि. वि.

कारखान्याच्या फाटकावर नवी पाटी लागली आहे. साप्ताहिक सुट्टी आता गुरुवारी. तुझं परिपत्रक शेजारीच डकवलंय. रखवालदाराने तुझे आभार मानायला सांगितलेत. त्याच्या बायकोलाही गुरुवारचीच सुट्टी असते.

धुणंवालीने पाच घरांचं धुणं सोडलं. हातमोजे घालून पाहिले, तर ओले कपडे हातातून निसटतात. काल तिने मला विचारलं, तुमचा भाऊ एवढा मोठा साहेब, मग त्याला एक परवाना अडवता येत नाही का. मी म्हटलं, येतो, पण त्यासाठी खुर्चीतून उठावं लागतं.

कौतुक शिल्लक आहे. ते कशावर खर्चायचं, ते तू ठरव.
ताई

३० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. आज तीन वाजता कळलं, मुदतवाढ नाही. माझ्या जागी मंत्र्यांचा भाचा येतोय. चार वाजता मी परवाना नाकारला आणि कारखाना बंद करण्याच्या आदेशावर सही केली. पाच वाजता कपाटाच्या किल्ल्या देऊन बाहेर पडलो.

आता फक्त तुझाच,
धाकटा

९ जुलै

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ. वि. वि.

तीनला खुर्ची गेली आणि चारला कणा आला. याला शौर्य म्हणवत नाही. पण नदी असल्या चौकशा करत नाही. आठवडाभर तिचा रंग पाण्याचा आहे. धुणंवालीच्या हातांवर नवी कातडी धरतेय. तिने एका घराचं धुणं परत घेतलं.

मात्र घाईत तू आदेशात कारणच लिहिलं नाहीस. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर ही चूक तूच करू जाणे. मालकांनी अपील केलंय आणि वकील म्हणतात, कारण नसलेला आदेश एका फुंकरीत उडेल. पंचवीस तारखेला भाच्यासमोर उघड सुनावणी आहे. आक्षेप घेणाऱ्यांत पहिलं नाव धुणंवालीचं, दुसरं माझं. तिसरं मी तुझं घातलंय, तुला न विचारता. प्रत्येकाला तीन मिनिटं आहेत. नमुने कोणत्या वारी घेतले, वार का बदलला आणि बदललेला वार मालकांना कुणी कळवला, एवढं उभं राहून सांग. सहा महिने गप्प होतास, तेव्हा आवाज ताजा असेल.

आलास तर वरची खोली झाडून ठेवते, हवे तितके दिवस राहा. नाही आलास तर ते सगळं माझ्या तीन मिनिटांत मी सांगेन, आणि तेव्हाच्या अध्यक्षांचा उल्लेख माझा धाकटा भाऊ असाच करीन.

दोन्हींपैकी काहीही झालं तरी तुझीच,
ताई