मांडवाच्या कापडाची गोधडी

कर्जत
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय रहिमा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

यांचा गुडघा सोडला तर आम्ही दोघं ठीक. तुझं आणि अबूबकरभाईंचं कसं काय ते सविस्तर लिही. फोन कर म्हणशील, पण फोनवर तू नुसती हं-हं करतेस आणि मागून मांडवाच्या ऑर्डरी ऐकू येतात. शाळेपासून आपलं जे खरं बोलणं झालं ते कागदावरच. तुमच्या मनोजचा टेंपो खालापूरला परत निघालाय, त्याच्याकडे हे पत्र देते.

पत्रास कारण, शेलूच्या मीटिंगला आली नाहीस ते फार चुकवलंस गं. आपल्या सुईदोरा समूहाच्या सगळ्या बाया प्रणिताच्या टॉवरमधल्या क्लबहाउसात जमल्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी ही प्रणिता सुईत दोरा ओवून द्या म्हणून माझ्याकडे यायची, आता समूहाची संचालिका झाली आहे. तिने सांगितलं की यापुढे गोधडी म्हणायचं नाही, क्विल्ट आर्ट म्हणायचं. मग तिने रंग-आव्हान जाहीर केलं. बारा जणींनी चिठ्ठी उचलायची, जो रंग येईल त्याच्याच सगळ्या छटा वापरायच्या, कापड जुनंच हवं, माप तीन फूट बाय तीन फूट. अठरा जानेवारीला कर्जतमध्ये प्रदर्शन. भिंतीवर काम, त्याखाली नावाची पाटी आणि पन्नास शब्दांत कलाकाराचं मनोगत.

मला हिरवा आला. तुझी चिठ्ठीही मीच उचलली, तुला भगवा आला. मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि एकीने उगाच पंखा वाढवला. प्रणिताने चिठ्ठी उलटी करून पाहिली, मागे काही सूचना छापलेली असेल अशी. पुन्हा उचलूया का, असं तिने हळूच विचारलं, तर मी म्हटलं की चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. संध्याकाळी तिने यादी पाठवली त्यात निळ्याला निळा आणि पिवळ्याला पिवळाच म्हटलंय, पण तुझा झालाय मावळतीचा रंग आणि माझा पानांचा. मी आणि हे जेवताना हसत होतो.

तर लाग कामाला. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी
शैला

---

खालापूर
८ नोव्हेंबर २०२५

शैले,
सप्रेम नमस्कार. आमच्याकडे सगळं ठीक. लग्नसराई सुरू झाल्यामुळे श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि तरी मी हे पत्र लिहितेय, याची नोंद घे.

भगवा माझ्या वाट्याला आला हे ऐकून अबूबकर इतके हसले की बशीतला चहा सांडला. अगं, बाकीच्या बाया चिंध्या शोधत फिरतील, माझ्या घरात भगव्याचे गठ्ठे माळ्यापर्यंत गेलेत. पस्तीस वर्षांचं मांडवाचं कापड. गणपतीला दहा दिवस बांधलं की वरचा पट्टा उन्हाने विटतो आणि घडीतला तसाच राहतो. हळदीच्या मांडवाचं पिवळं होऊन येतं. साजगावकडे बांधलेलं धुळीने विटकरी होतं, मग कितीही धुवा. काल गच्चीवर सगळे तुकडे पसरले. एकतीस झाले आणि दोन सारखे नाहीत. मी तिथेच ऊन उतरेपर्यंत बसले, भात करपला.

तुला म्हणून सांगते, हसू नकोस. लोक मांडवात बसतात, जेवतात, रुसतात, पण वर कोणी बघत नाही. चाळीस वर्षं मी झालरी शिवतेय आणि लोकांनी मान वर करावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण तू पाटीचं लिहिलंस आणि माझ्या डोक्यात ते बसलंय. माझ्या हाताच्या कामाखाली माझं नाव मला एकदा भिंतीवर बघायचंय. त्या दिवशी नवी साडी नेसून येणार आहे, अबूबकरनाही आणणार आहे. वय साठ झालं तरी ही हौस आहे, काय करू.

तुझ्या यांच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकून बांध. माया असू दे.

रहिमा

---

कर्जत
२८ नोव्हेंबर २०२५

प्रिय रहिमा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पाल्याने गुडघ्याला उतार आहे. आता हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो गुडघा दाखवतात. माझं हिरवं जोरात चाललंय. डोहाळजेवणाची साडी कापली, सासूबाईंचं इरकल कापलं, लेकीच्या लग्नातली उरलेली खणाची पट्टी लावली. कात्री लावताना जीव वरखाली झाला, पण पेटीत कसर लागण्यापेक्षा बरं. टाके मात्र तुझ्यासारखे सरळ येत नाहीत.

समूहाची गंमत सांगते. प्रणिताने भावना समिती नेमली आहे. तिघीजणी आहेत. प्रदर्शनामुळे कोणाकोणाच्या भावना दुखावू शकतात याचा त्या अभ्यास करतात. दोनदा बैठक झाली, वडे संपले, दुखावलेली भावना काही सापडली नाही, म्हणून तिसरी बैठक ठेवली आहे. काळ्या रंगालाही हरकत निघाली होती, पण प्रदर्शन संक्रांतीच्या आठवड्यात येतंय म्हणून तो सुटला. उद्घाटनाला गणेश मंडळाचे आबाजी येणार आहेत, त्यामुळे प्रणिता जास्तच हळवी झाली आहे.

हो, पाट्यांचं काहीतरी तिने परवा फोनवर विचारलं. माझं दूध गॅसवर होतं, हे अंघोळीला पाणी मागत होते, मी आपलं घाईघाईत हो म्हणून टाकलं. तुलाही कळवतेच म्हणाली.

भाईंना नमस्कार. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी
शैला

---

शेलू
१५ डिसेंबर २०२५

आदरणीय रहिमाताई,
स. न. वि. वि.

आपल्या क्विल्टचा फोटो पाहून आम्ही सर्वजणी भारावून गेलो. आपला समूह कोणताही भेदभाव मानत नाही, हे आपण जाणताच. म्हणूनच सर्वांच्या भावना जपण्यासाठी समितीने एक छोटासा, अगदी तांत्रिक बदल सुचवला आहे. मावळतीच्या रंगाच्या कलाकृतीखाली शैलाताईंचे नाव आणि पानांच्या रंगाच्या कलाकृतीखाली आपले नाव, एवढीच पाट्यांची अदलाबदल. काम आपापलेच राहील, फक्त नाव बदलेल. शैलाताईंनी मोठ्या मनाने संमती दिलीच आहे. आपणही द्याल, ही खात्री असल्याने पाट्या छापायला दिल्या आहेत.

आपला वेळ वाचावा म्हणून दोन्ही मनोगते मी स्वतः लिहिली आहेत. उद्घाटनाला गर्दी होईल, आपल्याला प्रवासाची दगदग नको. फोटो ग्रुपवर टाकूच.

आपला स्नेह समूहाला लाभत राहो.

आपली
प्रणिता

---

खालापूर
१७ डिसेंबर २०२५

सौ. शैलाताई यांस,
सा. न. वि. वि.

मनोजच्या टेंपोतून गोधडी पाठवत आहे. आपल्या नावाची पाटी लागणार असल्याने एकदा तपासून घ्यावी. प्रणिताबाईंचं पत्र मिळालं. आपण संमती दिल्याचं त्यावरून समजलं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसावं.

गोधडी पाठवणार नव्हते. अबूबकर म्हणाले की केलेलं काम दडवून ठेवायचं नाही, तेव्हा पाठवली. प्रदर्शनाला आम्ही येत नाही. उत्तराची तसदी घेऊ नये.

आपली
रहिमा

---

कर्जत
२० जानेवारी २०२६

प्रिय रहिमा,

महिनाभरात चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे पाठवतेच. तू मला आपण म्हटलंस ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले होते. यांनी विचारलं तर कांदा चिरतेय म्हटलं, त्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता.

दूध गॅसवर नव्हतं. यांनी अंघोळीला पाणीही मागितलं नव्हतं. प्रणिताने मला सगळं नीट समजावून सांगितलं होतं, आणि मी ते नीट ऐकून हो म्हटलं. नाही म्हटलं तर ती मला समूहातून कमी करेल, याला मी भ्याले. रिटायर झाल्यापासून गुरुवारी दुपारी जायला मला तेवढी एकच जागा आहे. आणखी एक लिहायचंय. तुझं गच्चीवरचं पत्र वाचलं तेव्हाच तुझी गोधडी माझ्यापेक्षा सरस होणार हे मला कळलं होतं. तिच्याखाली माझं नाव येणार म्हणताना मला हवं तेवढं वाईट वाटलं नाही. याची मला फार लाज वाटते रहिमा.

आता प्रदर्शनाचं. माझ्या हिरव्याखाली तुझं नाव आणि मनोगत असं, की माझ्या धर्मातली शांती मी टाक्याटाक्यात ओवली आहे. बाया तिथे आल्या की आवाज खाली आणत होत्या. माझ्या डोहाळजेवणाची साडी गं ती, एका कोपऱ्यात अजून बासुंदीचा डाग आहे. तुझ्या भगव्याखाली माझं नाव, आणि परंपरेचा तेजस्वी अभिमान की असंच काहीतरी. दोघीतिघींनी तर हात जोडले.

आबाजी आले, फीत कापली आणि थेट तुझ्या गोधडीपाशी जाऊन उभे राहिले. हात लावू नये अशी पाटी होती, तिच्यावरच हात टेकून त्यांनी गोधडी चाचपली. मग सगळ्यांसमोर म्हणाले की हे तर आमच्या अबूबकरचं कापड हाय, ही काथ्याची भोकं बघा, ह्याच्याखाली आमी वीस वर्षं आरत्या म्हटल्या. शिवलंय पण त्याच्या मालकिणीनंच, ती कड नेहमी डावीकडून दुमडते, आरतीला उभं राहिल्यावर झालरीकडंच लक्ष जातं. आणि मग पाटी वाचून त्यांनी विचारलं की ह्या शैलाबाई कोण.

त्यांच्या आधी मी बोलले, असं तुला लिहायला मला किती आवडलं असतं. नाही बोलले. ते बोलल्यावर, आता बोलण्यात काही धोका नाही हे दिसल्यावर, मग माझ्या तोंडातून शब्द फुटला. ही रहिमाची आहे, असं मी सांगितलं, पाट्या माझ्या हाताने काढल्या आणि बदलून लावल्या. चिकटपट्टी नीट लागेना. प्रणिता लगेच म्हणाली की समूहाचा सलोख्यावर पहिल्यापासून विश्वास आहे, आणि फोटोसाठी मला जरा हसायला सांगितलं.

माफी मागायला तोंड नाही. भेटायला येऊ का, एवढंच विचारते.

शैला

---

खालापूर
२४ जानेवारी २०२६

शैले,

आबाजींना अर्धं मिनिट लागलं. मी दर गणपतीत त्यांना पाहते, ते आजवर माझ्याशी चार वाक्यंसुद्धा बोललेले नाहीत. तू माझ्या बाकावर बसायचीस, आणि तुला पाट्या बदलायला अठरा तारीख उजाडावी लागली. हे मी विसरणार नाही, तूही विसरल्याचं नाटक करू नकोस.

माझं नाव दोन-अडीच तास भिंतीवर होतं म्हणे. मी ते पाहिलं नाही. नवी साडी घडीत आहे. त्या दिवशी हळदीच्या मांडवाखाली उभी राहून मी रडले, आणि नवऱ्यामुलाच्या आईला वाटलं की मला लग्नाचा उमाळा आला, तिने मला जवळ घेतलं.

आबाजींचं झालरीचं वाक्य मात्र मी अबूबकरना तीनदा वाचून दाखवलं.

मला राग आलाय आणि तो एकटीने पत्रातून काढण्यासारखा नाही, समोर बसून भांडायचंय. ये. चार दिवसांचे कपडे आण. गोधडीही आण, तीन फुटात माणसाचे गुडघेसुद्धा झाकत नाहीत, ती मला वाढवायची आहे. टाके तू घालायचे, वाकडे आले तर उसवायचे.

रहिमा

---

खालापूर
२ फेब्रुवारी २०२६

सौ. प्रणिताताई यांस,
सा. न. वि. वि.

आपलं एकोणतीस तारखेचं पत्र मिळालं. पुण्यात सलोख्याचे धागे या नावाने प्रदर्शन भरतंय, त्यात आम्हा दोघींच्या गोधड्या शेजारी-शेजारी लावायच्या, आणि उद्घाटनाला आम्ही एकमेकींच्या गोधडीवर हात ठेवून उभं राहायचं, हे समजलं. माझं मनोगत आपण याही वेळी लिहून पाठवलंत, त्याबद्दल आभारी आहे. मी लहानपणापासून एकोप्याची उपासक आहे हे त्यातून मला कळलं.

कळवायला दिलगिरी वाटते की भगवी गोधडी मिळू शकणार नाही. ती आता सात फूट बाय पाच फूट झाली आहे. शैला गेल्या बुधवारी आमच्याकडे आली. पहिले दोन दिवस आम्ही भांडलो, इतकं की अबूबकर जेवायला गोडाउनवर गेले. तिसऱ्या दिवसापासून शिवतोय. तिचे टाके मी दोनदा उसवले, तिसऱ्यांदा तिने ओरडून सांगितलं की आता मरेपर्यंत असेच राहतील, तेव्हा ठेवले.

या क्षणी दुपारचं जेवून ती ती गोधडी अंगावर घेऊन झोपली आहे आणि घोरते आहे. आपल्या पत्राचं तिला उठवून विचारलं असतं. पण मागच्या खेपेला विचारलंत तेव्हा तिने माझ्या वतीने हो म्हटलं होतं, म्हणून या खेपेला तिच्या वतीने मी नाही कळवते आहे.

समूहातल्या सर्वांना नमस्कार सांगावा. स्नेह राहू द्यावा, पाटी नको.

आपली
रहिमा अबूबकर
(गोधडी शिवणारी)