आर्याचा एकुलता एक विद्यार्थी

२ फेब्रुवारी, सोमवार
आज ऑफिसात मनातल्या मनात उड्या मारत होतो. आर्याच्या शाळेत परीक्षा नसते. शाळा एवढीशी, चाळीसेक मुलं, बाईंना मॅडम नाही, श्यामला अक्का म्हणायचं. वर्षाअखेर प्रत्येक मुलानं घरातला एक मोठा माणूस निवडायचा आणि वर्षभरात शिकलेलं सगळं त्याला शिकवायचं. चौदा तारखेला त्या माणसानं सगळ्यांसमोर ते करून दाखवायचं. मुलानं तोंड उघडायचं नाही. म्हणजे आर्याच्या चौथीची सगळी इज्जत माझ्या हातात!

हो, माझ्याच. माझी बायको गौरी एम.एस्सी. मॅथ्स आहे, तरी आर्यानं क्षणाचाही विचार न करता बाबा म्हणून टाकलं. गौरीला लागलं असावं. चहा पिताना ठसका लागला, मग बराच वेळ बाल्कनीत पाठ करून उभी होती. खांदे हलत होते. बिचारी.

संकल्प: रोज सहाला लॅपटॉप बंद.

३ फेब्रुवारी
लॅपटॉप बंद केला. साडेआठला. पण केला.

गणित. अर्ध्याचं अर्धं किती? मी फटकन पाव म्हणालो. आर्या म्हणाली, उत्तर सांगू नकोस, कागद दुमडून दाखव. उत्तर येत असताना कागद कशाला दुमडायचा? ती म्हणे, उत्तर तर तनयलासुद्धा येतं. तनय म्हणजे शेजारच्यांचा, बालवाडीतला. दुमडला. मग म्हणाली, आता दुसऱ्या कागदाचे तीन सारखे भाग कर. चार झाले. हल्ली कागदाचा दर्जाच घसरलाय.

५ फेब्रुवारी
कन्नड. भाजीवाल्या चंपाक्कांशी पाच मिनिटं बोलायचं, हिंदी-इंग्लिश बंद. बंगळुरात सर्जापूर रोडवर नऊ वर्षं काढलीत, तयारीची गरज वाटली नाही. मला स्वल्प म्हणजे थोडं हे येतं, सरी म्हणजे बरं हेही येतं. त्या विचारत गेल्या, मी सरी सरी म्हणत गेलो. कुठेही अडलो नाही. अस्खलित!

घरी आलो तेव्हा पिशवीत चार किलो दोडके होते. आर्या सारखी कपाळाला हात लावत होती. उन्हाचा त्रास होत असावा.

८ फेब्रुवारी, रविवार
विज्ञान. सकाळी तळ्यावर. एकच पक्षी निवडायचा, अर्धा तास नुसता बघायचा, मग तो काय काय करतो ते सांगायचं. फोन घरी ठेवायचा होता. ठेवला असता, पण ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. एक छोटा कॉल घेतला. पक्षी उडून गेला. हल्ली कुणाला चिकाटी म्हणून नाही.

आर्या मात्र बसून राहिली. म्हणाली, तो पाय हलवून चिखल ढवळतो, मग मासे वर येतात. मी म्हटलं, छान, हे स्लाइडवर टाकू.

दोडक्याची भाजी. पुन्हा.

११ फेब्रुवारी
इतिहास. बिल्डिंगमधल्या एका वयस्कर माणसाला विचारायचं, तुम्ही बंगळुरात कसे आलात? मधे बोलायचं नाही. तळमजल्यावरच्या भीमसेनरावांकडे गेलो. यशवंतपूरच्या कारखान्यात उभी हयात गेली त्यांची. त्यांना सुरुवात करून द्यावी म्हणून आधी मी पुण्याहून कसा आलो ते थोडक्यात सांगितलं. तासाभरानं पाहिलं तर ते झोपले होते. एवढा निवांतपणा माझ्या सहवासात मिळतो लोकांना.

१३ फेब्रुवारी
मास्टरस्ट्रोक. सगळे विषय एका प्रेझेंटेशनमध्ये बसवले. बेचाळीस स्लाइड्स, ॲनिमेशनसकट. पक्षी उडतोसुद्धा. आर्यानं शेवटपर्यंत पाहिलं, मग हळूच म्हणाली, बाबा, यातलं काहीच माझं नाहीये. डोळे भरले होते. स्लाइड्स फारच परिणामकारक झाल्या असाव्यात.

गौरी माझ्याशी बोलत नाहीये. अजून तेच मनात धरून बसली आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ८
ब्लेझर. पॉइंटर. लॅपटॉप फुल चार्ज. हा दिवस शाळा विसरणार नाही!

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी
प्रोजेक्टर नाही. भिंतही नाही. आंब्याच्या झाडाखाली सतरंजी.

पक्षी काय करत होता? उडाला, म्हणालो. भीमसेनराव मूळचे कुठले? मला फक्त माझंच गाव आठवलं. कन्नडमध्ये कुणीतरी काहीतरी विचारलं, मी सरी म्हणालो, सगळी शाळा हसली. मग कागद आला. तीन सारखे भाग. चार झाले.

तेव्हा कुठे आर्याकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, नियम म्हणजे नियम. पण मांडीवर तिची बोटं चालली होती. हवेतच कागद दुमडत होती, हळूहळू, मला दिसावं म्हणून. मला एकदम फार लाज वाटली. दुसरा कागद मागून घेतला आणि पहिल्यांदाच गप्प बसून तिच्या बोटांकडे बघत दुमडला. तीन झाले. जवळजवळ सारखे.

मग श्यामला अक्का उठल्या. म्हणाल्या, मुलांना मी सांगितलं होतं, घरात ज्याला शिकवणं सगळ्यात अवघड, त्यालाच निवडा. आणि यंदाची सगळ्यात मोठी शाबासकी आर्याला, कारण असा विद्यार्थी मिळूनही तिनं एकदाही आवाज चढवला नाही. टाळ्यांचा कडकडाट. मीही जोरजोरात वाजवल्या. मग कळलं. गौरीचा ठसकाही कळला.

परतताना रिक्षात आर्याला विचारलं, मी नापास का गं? तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. म्हणाली, आमच्या शाळेत कुणाला नापास करत नाहीत, बाबा. मी पाचवीत जाते, तू अजून एक वर्ष चौथीत बस. उद्या सकाळी तळ्यावर जायचंय. फोन घरी ठेव.

सरी, म्हणालो. या वेळी समजून.